राईचा मॅश: या चुका टाळा

राई म्हणजे फोडणीची मोहरी नव्हे, इथून सुरुवात करावी लागते. हे धान्य आहे, गव्हाच्या भाऊबंदांतलं. दारूसाठी त्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवतात, तो मॅश. सांगलीकडं डिस्टिलरीत येणाऱ्या माणसाचा हात मोलॅसिसवर, म्हणजे उसाच्या मळीवर, बसलेला असतो. तिथं साखर तयारच असते. पाणी घाला, यीस्ट सोडा. राईत असतो स्टार्च, त्याची साखर आपण करायची. हे डोक्यात शिरेपर्यंत दोन बॅच जातात. (घरी करून बघू म्हणणाऱ्यांनी वाचूच नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.)

सगळ्यात जुनी चूक म्हणजे गरम पाण्यात पीठ एकदम ओतणं. पिठलं केलेल्या माणसाला गाठी का होतात ते सांगावं लागत नाही. राईत वर पेंटोसॅन आणि बीटा-ग्लुकॅन हे चिकट तंतुमय घटक भरपूर, ते पाणी धरून बसतात. एका रात्रपाळीच्या पोरानं वेळ वाचवायला सगळं पीठ तापल्या पाण्यात सोडलं. सकाळी आलो तर पंप नुसता घुमतोय, पुढं थेंब नाही. टाकीत पतंग चिकटवायची खळ! दुपारपर्यंत बादल्यांनी उपसली. "साहेब, मोलॅसिसला असं होत नाही," हे वर. मी पाणी 45 अंशांच्या आत ठेवतो, ढवळणी चालू ठेवून पीठ मुठीमुठीनं सोडावं तसं सोडतो आणि अर्धा तास तिथंच थांबतो. बीटा-ग्लुकॅन तोडणारं एन्झाइम, बीटा-ग्लुकॅनेज, विकत मिळतं, मीही वापरतो. तरी थांबतो.

मग मॅश तापवून शिजवायचा. तो 65 अंशांवर उतरल्याशिवाय माल्ट घालू नका. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्यातली एन्झाइम स्टार्चची साखर करतात. तापल्या मॅशमध्ये एन्झाइम मरतात, मग कितीही ढवळा.

स्टार्च उरलाय का ते आयोडीनच्या थेंबानं बघतात, उरला असेल तर निळं दिसतं. इथली चूक माझी स्वतःची. गरम नमुन्यावर थेंब टाकला, निळं काही दिसेना, "झालं" म्हणून सही केली. पुढं अल्कोहोल कमी. तोच नमुना गार झाल्यावर काळानिळा! स्टार्च-आयोडीनचा निळा रंग उष्णतेनं उडतो, हे बारावीला शिकलो होतो. आता चहाची पांढरी बशी कपाटात ठेवलीय. त्यात नमुना पसरायचा, गार होऊ द्यायचा, मग थेंब. बशीत कोंड्याचा कण आला तर तो निळा दिसणारच, त्यावरून घाबरू नका.

यीस्ट 30 अंशांच्या आसपास. आणि टाकी काठोकाठ भरू नका, राई फेसाळते. जमिनीवरचा फेस धुवायला माझ्याकडं माणूस नाही.