पुढच्या शाफ्टचं ग्रीसिंग: आखातातल्या गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड करून आखातात आलेल्या पोराला सुरुवातीला कोणी इंजिनाला हात लावू देत नाही. हातात ग्रीस गन येते आणि गाडीखाली पाठवतात. मी ओमानमध्ये निझवाच्या बाजूला काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत टोयोटा हायलक्स पिकअप भरपूर. जबल अखदर डोंगराच्या पायथ्याशी पोलीस चौकी आहे, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) नसलेली गाडी तिथून वर सोडत नाहीत. त्यामुळे इथे पुढचा शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, नुसता लटकत नाही, चढाला खरोखर लागतो. गावाकडच्या गॅरेजात मागचा शाफ्ट सगळ्यांनी पाहिलेला असतो, पुढच्याशी ओळख कमी.

ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या डिफरन्शियलकडे (तो जोर दोन चाकांत वाटणारा गोळा) जातो तो हा शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, आणि एके ठिकाणी आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड, म्हणजे योक. एका क्रॉसला चार कप, प्रत्येक कपात बारीक सुया असलेलं बेअरिंग. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात शाफ्टला दोनदा पळवतो आणि दोनदा रोखतो. ती चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस भरून काढतो. शाफ्ट उतरवताना खुणा करायला सांगतात ते यासाठीच. योक एक दाता चुकून बसला तर गाडी थरथरते आणि तुम्ही टायर बॅलन्सिंग करत बसता. काही गाड्यांत ट्रान्सफर केसच्या बाजूला दोन क्रॉस शेजारी-शेजारी असलेला डबल जॉइंट असतो. त्याच्या मधल्या गोळ्याला वेगळं निपल (ग्रीस आत भरायचं बारीक तोंड) असेल तर ते खोलात असतं आणि त्याला सुईसारखं नोझल लागतं. हे नोझल प्रत्येक गॅरेजात असतं, फक्त ते कोणाच्या खिशात आहे हे शोधावं लागतं.

गन लावण्याआधी शाफ्ट दोन्ही हातांनी धरून हलवा, पिळून पाहा. क्रॉसमध्ये खटका लागला किंवा कपाच्या कडेला गंजाची लाल पूड दिसली, तर त्या सुया कोरड्या चालून खराब झालेल्या आहेत. तिथे ग्रीस मारून आवाज काही दिवस दबेल, क्रॉस बदलावाच लागेल. काही क्रॉसला निपल नसतंच, ते सीलबंद असतात. त्यांची ही हलवून तपासणीच तेवढी करायची.

निपल फडक्याने पुसा. वाळूच्या देशात हे सांगावं लागू नये, पण निपलावरची वाळू गनने थेट बेअरिंगमध्ये ढकलणारे महाभाग मी पाहिलेत. निपल वरच्या बाजूला गेलं असेल तर शाफ्ट हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर गाडी थोडी सरकवावी लागते. त्या वेळी गाडीखाली कोणीही नको, आणि सरकवून झाली की चाकांना पुन्हा ठोकळे.

आता हळूहळू पंप करा आणि नजर चारही कपांवर ठेवा. आधी काळपट, कधी पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर येईल, मागून स्वच्छ. चारही कपांतून नवं ग्रीस दिसलं की थांबा. बहुतेक वेळा तीन कप घेतात आणि चौथा रुसतो. तेव्हा त्या कपावरचा दाब हलका होईल असा शाफ्ट पहारीने किंचित रेटा, थोडा फिरवा आणि पुन्हा पंप करा. तरीही आलं नाही तर त्या कपात वाट बंद आहे. हवेच्या गनचा जोर लावून सील फोडू नका. क्रॉस काढून बघायचा निर्णय फोरमनचा.

सरकत्या योकचं मात्र उलटं. तिथे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारायचं नाही. आतली पोकळी गच्च भरली तर शाफ्टला आखूड व्हायला जागाच उरत नाही, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की तो धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो. दोन-चार पंप पुरे.

ग्रीस कोणतं, हे त्या गाडीचं मॅन्युअल सांगतं. साधारणपणे क्रॉसला लिथियमचं, 2 नंबरचं (हा नंबर घट्टपणाचा). योकला बऱ्याचदा मोलिब्डेनमवालं. ड्रममध्ये काय आहे हे न विचारता गन भरू नका, कारण लिथियम आणि पॉलियुरिया अशी ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. वादीच्या (पावसात वाहणाऱ्या, एरवी कोरड्या नदीपात्राच्या) पाण्यातून आलेल्या गाडीला आम्ही किलोमीटर बघत नाही, 24 तासांच्या आत ग्रीस मारतो.

गनचा पाइप कधी तळहातात धरून तपासू नका. फुटक्या पाइपातून दाबाचं ग्रीस कातडीखाली शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर लगेच हॉस्पिटल, ड्युटी संपायची वाट बघायची नाही.

जॉब कार्डावर सगळे फक्त ‘ग्रीसिंग केलं’ एवढंच लिहितात. तुम्ही लिहा: पुढचा क्रॉस, डिफरन्शियलची बाजू, एक कप ग्रीस घेत नाही. पुढच्या सर्व्हिसला तीच गाडी आवाज करत आली की फोरमन जुनं कार्ड काढतो आणि खाली कोणाचं नाव आहे ते बघतो. माझ्या हातात पहिला गिअरबॉक्स आला तो अशाच एका कार्डामुळे.