सोयाबीनचं घरचं बी ठेवताय? या चुका टाळा

पाऊस वेळेवर, वाफसा चांगला, तरी सोयाबीनच्या पेरलेल्या ओळीत हातभर तुटाळी, म्हणजे बी न उगवलेली रिकामी जागा. मग नांग्या भरायची, म्हणजे त्या जागी पुन्हा बी लावायची धावपळ, आणि दोष जमिनीला. कागल-हातकणंगले पट्ट्यात हे दरवर्षी ऐकू येतं. अशा वेळी पोत्यात उरलेलं बी आधी तळहातावर घेऊन बघा.

सोयाबीनची साल फार पातळ असते आणि कोंबाचा भाग तिच्या लगेच खाली असतो. भाताला तुसाचं संरक्षण आहे, याला नाही. म्हणून बाजारात विकायच्या मालाची आणि बियाण्याची मळणी एकाच वेगानं करणं ही मला सगळ्यात महागातली चूक वाटते. बियाण्यासाठी मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवा. दाणा फार वाळला तर तडकतो, ओला असला तर चेपतो. १३-१४ टक्के ओलावा बरा. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, पण बुरशी तिथूनच आत शिरते. पोती उंचावरून आपटणं, थप्पीवर थप्पी चढवणं यानंही तेच होतं.

‘टपोरा दाणा तेच उत्तम बी’ हा समजही सोडा. सोयाबीनच्या मोठ्या दाण्याला मळणीत मार जास्त बसतो. एकसारखे, मध्यम दाणे निवडा. सुरकुतलेले, हिरवट आणि जांभळ्या डागांचे काढून टाका. तो जांभळा रंग बुरशीचा असतो. दाण्याच्या डोळ्याचा (शेंगेला चिकटलेल्या जागेचा) काळा किंवा तपकिरी रंग मात्र वाणाचा असतो, रोगाचा नव्हे. एकाच पोत्यात काळ्या आणि तपकिरी अशा दोन्ही डोळ्यांचे दाणे दिसले तर भेसळ समजा.

नुसत्या दिसण्यावर मात्र पेरू नका. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाच-सहा दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो बी पुरतं. ६० आले तर ३५ किलो घ्या. त्याहून कमी आले तर ते पेरू नका, बाजारात माल म्हणून विकून टाका.

आजऱ्याकडच्या घनसाळ भाताच्या बियाण्याचं गणित वेगळं. तो भात मुळातच आखूड दाण्याचा, तिथं वजन बघायचं: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगेल ते काढायचं, बुडालेलं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. हीच रीत सोयाबीनला लावू नका. पाण्यात त्याची साल फुगून सुटते. बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावतानाही, पाणी बेतानंच वापरा आणि दाणे न चोळता गोणपाटावर हलक्या हातानं खालीवर करा.