घरच्या म्युझिक सिस्टिमसाठी पॉवर केबल आणि एक्स्टेंशन बॉक्स कसा निवडावा

मनाजोगता ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि स्पीकर ठरले की दुकानदार हमखास पॉवर केबलचा विषय काढतो. जाडजूड, विणलेल्या आवरणाच्या केबलची किंमत कधीकधी ॲम्पच्या किमतीला भिडते. माझं मत स्पष्ट आहे : तो पैसा आधी अर्थिंग, सॉकेटची पकड आणि एका दणकट बॉक्सवर लावा. स्पीकरमधली घरघर, उपकरणांचं आयुष्य आणि घरच्यांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी तिथेच ठरतात.

सुरुवात भिंतीपासून

सिस्टिम ज्या सॉकेटवर चालणार आहे, तो आधी वायरमनकडून तपासून घ्या. मल्टीमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त भरत असतील, तर कुठेतरी जोड ढिला आहे किंवा न्यूट्रलवर ताण येतोय. कारण शोधूनच काढायला सांगा. जुन्या इमारतींत भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थची वायर पोचलेलीच नसते. अशा ठिकाणी महागातली केबल लावून काहीही साधत नाही.

प्लग आत गेल्यावर घट्ट बसला पाहिजे, लोंबकळता कामा नये. सगळ्या देशांचे प्लग चालतात असे युनिव्हर्सल सॉकेट मी टाळतो, कारण आपल्या गोल पिनांवर त्यांची पकड अर्धवटच असते. लूज कॉन्टॅक्ट तापतो, तिथे ठिणगी पडते आणि तिचा कट्-कट् आवाज थेट स्पीकरमधून येतो.

भार किती, ते काढा

उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. समजा ॲम्प ३०० वॅट, सबवूफर १५०, टीव्ही १००, सीडी प्लेअर आणि डॅक (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) मिळून ५०. बेरीज झाली ६०० वॅट. त्याला २३० ने भागलं की साधारण २.६ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १३८० वॅटपर्यंत घेता येतात, म्हणजे इथे तो पुरेसा आहे. मोठा पॉवर ॲम्प किंवा दोन सबवूफर असतील, तर १६ अँपिअरचा पॉइंट वापरा आणि तो एसी-गीझरच्या लाइनवर नको.

केबल

हिशोबच करून पाहू. १.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या लवचीक वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो. दोन मीटर केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे चार मीटर तांबं. रोध झाला ०.०५३ ओहम. दोन अँपिअर वाहताना त्यात एक दशांश व्होल्ट पडतो, तोही २३० मधून. आपल्याकडे लाइनचा व्होल्टेजच संध्याकाळी पाच-दहा व्होल्टने खाली-वर होतो. शेवटच्या दोन मीटरमध्ये चांदीचा मुलामा चढवून आवाज उजळेल, हे मला पटत नाही.

म्हणून घ्यायची ती केबल अशी : तीन कोअर, शुद्ध तांबं, १ किंवा १.५ स्क्वेअर एमएम, आवरणावर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ (वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेलं. ॲम्पच्या मागे कॉम्प्युटरसारखा तीन पट्ट्यांचा सी१३ जोड लागतो, अवजड ॲम्पला मोठा सी१९. सी१३ हलवून पाहा, सैल वाटला तर परत करा. प्लगच्या पिनांना लोहचुंबक लावा. पितळेची पिन चिकटत नाही, मुलामा दिलेली लोखंडी पिन चटकन चिकटते. काही उपकरणांना आठाच्या आकड्याची दोन पिनांची केबल असते. मागे चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थ लागत नाही.

लांबी गरजेपुरतीच ठेवा. उरलेल्या केबलचं वेटोळं करून रॅकमागे कोंबलं की ते तापतं.

बॉक्स

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण वरून सारखेच दिसणारे दोन स्पाइक गार्ड, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणारे एक्स्टेंशन बॉक्स, आतून अगदी वेगळे निघतात. चांगल्यात पितळेच्या जाड, सलग पट्ट्या असतात. स्वस्तातल्यात केसासारख्या वायरींनी एकेक सॉकेट जोडलेला असतो आणि कित्येकदा अर्थचं भोक नुसतंच शोभेला असतं. उघडून पाहता येत नसेल, तर बॉक्स भिंतीतून काढा, मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक प्लगच्या जाड अर्थ पिनेला आणि दुसरं प्रत्येक सॉकेटच्या अर्थच्या भोकात लावा. एका जरी ठिकाणी बीप आला नाही तर तो बॉक्स घेऊ नका.

धातूची बॉडी, एकच मुख्य स्विच, आत फ्यूज किंवा एमसीबी (वीज जास्त वाहिली की आपोआप पडणारा स्विच), निदान १.५ स्क्वेअर एमएमची केबल आणि ॲडॉप्टर शेजारी-शेजारी मावतील इतकं सॉकेटमधलं अंतर, एवढं पाहा. स्पाइक गार्डमध्ये एमओव्ही नावाची चकती असते. ती क्षणभराचा झटका झेलते, पण प्रत्येक झटक्यानिशी थोडी झिजते. संरक्षणाचा दिवा विझला की बॉक्स बदला. इमारतीचा न्यूट्रल तुटला, तर घरात ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि तेव्हा ही चकती पुरी पडत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारं ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ लावून घ्या. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन खुपसू नका.

घरघर आली तर

आधी कान ॲम्पच्या पेटीला लावा. आवाज पेटीतूनच येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच तो वाढत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा असणार. शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारख्या गुळगुळीत लहरींचा हवा. आवाज स्पीकरमधून येत असेल, तर बहुधा ग्राउंड लूप आहे : दोन उपकरणांना दोन वेगळ्या जागांहून अर्थ मिळतोय आणि सिग्नलच्या केबलमधून ५० हर्ट्झची वीज फिरतेय. सगळी उपकरणं एकाच बॉक्सवर घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरीही राहिली, तर सेट-टॉप बॉक्सची डिशची किंवा केबलची वायर काढून पाहा. घरघर थांबली तर चोर तोच. टीव्हीचा आवाज ॲम्पला ऑप्टिकल केबलने द्या, लूप तुटतो. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल, तर त्याची बारीक अर्थ वायर ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूला लावलीय ना, तेही बघा.

प्लगची अर्थ पिन कापणं किंवा तिला टेप गुंडाळणं हा उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. घरघर जाईल खरी, पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की ॲम्पची पेटीच जिवंत होईल आणि एमसीबी पडणार नाही. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागताच लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर नवी केबल घेण्याआधी तो बसवा.

रॅकमागे पॉवरच्या केबल एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा आणि सेट-टॉप बॉक्सची वायरही. झटका त्या वाटेनेही येतो.