एका कुकरची डाळ, दोन पातेल्यांतलं पुरण

आईचं माहेर कराडकडचं, बायकोचं पुण्यातलं. त्यामुळे होळीच्या दिवशी आमच्या ओट्यावर डाळ एक आणि मतं दोन. आईच्या मते पुरण गुळाचंच, साखर ही चहात घालायची वस्तू. बायको म्हणते, "आई, नुसत्या गुळाची पोळी काळपट दिसते हो, आणि तव्याला चिकटते." मग आत्या मध्यस्थी करायला येते आणि तिसरीच पद्धत सांगते. सहा वर्षांपूर्वी या चर्चेत पुरण तळाला लागलं, कारण ढवळायचं कोणी हेच ठरलं नव्हतं. तेव्हापासून पुरण मी शिजवतो.

काय बोलायचं ते आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर बोलून घ्या. गूळ किती, साखर किती, पोळी पिठावर लाटायची की तेलावर, आमटीला मसाला कोणता. सकाळी गॅसपाशी उभं राहून यातला एकही प्रश्न काढायचा नाही.

वजनकाटा बाहेर काढून ठेवा. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव घेत नाही, त्यामुळे 'गोड कमी पडलंय' हे म्हणता येतं, पण सिद्ध करता येत नाही. वाटीने मोजायला जावं तर आईची वाटी खोल, बायकोची पसरट. ग्रॅमला माहेर नसतं.

अर्धा किलो हरभऱ्याची डाळ धुऊन तासभर भिजवा. चिमूटभर हळद, चमचाभर तेल आणि जरा सढळ पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या करा. आमटीसाठी कट हवा, म्हणून पाणी जास्त. डाळ बोटांत धरल्यावर जोर न लावता मोडली पाहिजे. तशी मोडेपर्यंत गूळ-साखर जवळ आणू नका. गोड पडलं की डाळ पुढे शिजायचं नाव घेत नाही, आणि मग पुरणयंत्रात कण्या अडकतात. डाळ चाळणीवर निथळत ठेवा, खालचा कट जपून ठेवा.

इथपर्यंत दोघींची पद्धत तंतोतंत एक आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वाद सुरू होतो तो चाळणीनंतर, म्हणून वाटणी चाळणीपाशीच करा. निथळलेली डाळ काट्यावर निम्मी-निम्मी करून दोन जाड बुडाच्या पातेल्यांत घाला. आईच्या पातेल्यात 250 ग्रॅम चिरलेला गूळ. बायकोच्या पातेल्यात 200 ग्रॅम साखर आणि 'रंगापुरता' 50 ग्रॅम गूळ. हा 'रंगापुरता' आकड्यात आणायला दोन होळ्या गेल्या.

गूळ-साखर विरघळली की पुरण पातळ होतं. नेमकं याच वेळी मागून कुणीतरी म्हणतं, "कट नीट निथळला नाही वाटतं." ऐकून घ्या, उत्तर देऊ नका, ढवळत राहा. पुरण आटायला लागलं की फटफट उडतं आणि मनगटावर चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. उलथणं मधोमध उभं करून हात सोडा. आडवं न होता उभं राहिलं की गॅस बंद. साखरेचं पातेलं किंचित आधी उतरवा, ते निवल्यावर जास्त घट्ट होतं. मग जायफळ-वेलची, आईच्या पातेल्यात सुंठही. पुरण गरम असतानाच यंत्रातून फिरवा. गार झालं की दांडा फिरता फिरत नाही आणि ज्याने 'थांब जरा' म्हटलं असेल त्याच्या नावाने बोटं मोडली जातात.

पीठही दोन घमेल्यांत. आईची चाळलेली कणीक, बायकोचा निम्मा मैदा. दोन्ही सैल भिजवून, तेलाच्या हाताने तिंबून दोन तास झाकून ठेवायची. पुरण आणि पीठ यांचा मऊपणा सारखा हवा. पुरण घट्ट आणि पीठ सैल असेल तर पोळी लाटताना फाटते, मग ती कराडची असो की पुण्याची. पुरण फारच घट्ट वाटलं तर दुधाचा हबका मारून मळा. लाटायचं मात्र ज्याचं त्याने. मी तिथे बोट लावत नाही.

आत्याला आमटीचा संपूर्ण कारभार द्या. काळा मसाला की गोडा, तिचं ती बघेल, आणि पुरणाकडे फिरकायला तिला वेळ उरणार नाही. आमटीत घालायचं मूठभर पुरण गुळाच्या पातेल्यातलं घेतो. बायकोनेही याला हरकत घेतलेली नाही.

नैवेद्याच्या ताटात पहिली पोळी कुणाची, हे विचारूच नका. दोन ठेवा, एकावर एक नको, शेजारी-शेजारी. वर तूप सारखंच.

उरलेल्या पोळ्या मात्र एकाच डब्यात भरा. दोन डबे केले की दुसऱ्या दिवशी कुठला आधी रिकामा झाला याची नोंद होते. एका डब्यातल्याही रंगावरून ओळखू येतातच, पण मोजायच्या तर सगळा डबा उचकावा लागतो, आणि तेवढ्यासाठी डबा उचकताना दिसणं दोघींनाही कमीपणाचं वाटतं.