न गळणारं कापडी डायपर घरच्या मशीनवर कसं शिवाल

डायपर गळायला लागलं की बहुतेक जण आत आणखी एक कापड कोंबतात. त्याने गळती वाढतेच. मांड्यांमध्ये फुगवटा येतो, जांघेपाशी रबर उचललं जातं आणि शू त्या फटीतून बाहेर येते. पॅड काढून पाहिलं तर अर्धं कोरडं! म्हणून पॉकेट डायपर, म्हणजे दोन थरांमधल्या खिशात शोषणारं पॅड सरकवायचं डायपर, शिवताना आधी कडा जमवायच्या, शोषणाऱ्या थरांकडे नंतर वळायचं.

खालची मापं साधारण ६ ते १० किलो वजनाच्या बाळासाठी आहेत. बाहेरच्या थराला पीयूएल म्हणजे एका बाजूला पातळ प्लास्टिकचा थर चिकटवलेलं पॉलिस्टर, आतून मायक्रोफ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ, पातळ कापड, दोन्ही अर्धा मीटर. शिवाय पाव इंची रबर, २० नंबरची प्लास्टिकची टिच बटणं, ११ नंबरची नवी सुई आणि पॉलिस्टरचा दोरा. सुती दोरा वापरू नका, तो दिव्याच्या वातीसारखा ओल बाहेर ओढतो.

कागदावर निम्मा आकार काढून घडीवर कापा. लांबी १६ इंच, मागची रुंदी पंखांसकट (म्हणजे कमरेवरून पुढे येणाऱ्या पट्ट्यांसकट) १५, पुढची ११ आणि दोन पायांमधली साडेसात इंच. यात शिलाईची अर्धा इंच माया धरलेली आहे. फ्लीस मात्र पायांच्या गोलाईला एक सूत आत कापा. उलटवल्यावर पीयूएलची कड आपसूक आत वळते आणि ओलं फ्लीस झबल्याला लागत नाही. बाजूने झबलं ओलं होण्याच्या निम्म्या तक्रारी या एका सुताने मिटतात.

पीयूएलला टाचण्या लावू नका. टाचणीचं भोक बुजत नाही, पुढे तिथूनच झिरपतं. कपड्यांचे छोटे चिमटे लावा. टाका ३ मिमीचा ठेवा. बारीक टाका घातला तर कापडाला ओळीने भोकं पडून ते तिकिटासारखं फाटतं.

बटणं आधी लावा. पुढच्या पट्टीवरची बटणं फ्लीस जोडण्यापूर्वीच बसवायची, म्हणजे त्यांचा टोकदार मागचा भाग दोन थरांत लपतो आणि पोटाला टोचत नाही. प्रत्येक बटणामागे पीयूएलचा उरलेला तुकडा ठेवा, नाहीतर चारदोन धुण्यांत बटण कापडासकट हातात येतं.

आता पीयूएलची कापडी बाजू आणि फ्लीसची मऊ बाजू समोरासमोर ठेवा (प्लास्टिकची चकचकीत बाजू शिवताना बाहेर दिसेल, उलटवल्यावर आत जाईल). मागे कंबरेला मध्यभागी ५ इंच उघडं सोडून चहूबाजूंनी शिवा. उघड्या भागाच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या दुमडून शिवायच्या.

रबर बसवणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम. पायाच्या गोलाईतल्या मधल्या १० इंचांवर ६ इंच रबर येतं. एक टोक पक्कं करा, रबर ताणून दुसरं टोक पक्कं करा आणि मधे झिगझॅग मारा, पण फक्त मायेवर, शिलाईच्या रेषेबाहेर. म्हणजे सुईची भोकं ओल पोहोचते त्या भागात पडत नाहीत. उलटवून बाळाला घातल्यावर रबर जांघेच्या घडीत, चड्डीच्या रेषेत बसायला हवं. मांडीवर उतरलं तर दोन पायांमधली रुंदी जास्त झाली आहे. काढल्यावर दिसणारी फिकट रेघ थोड्या वेळात गेली तर ठीक. खोल वळ राहिला तर रबर अर्धा इंच वाढवा.

आतलं पॅड साडेचार बाय १३ इंचांचं. बाळ एका वेळी साधारण ३० ते ५० मिली शू करतं, तीही काही सेकंदांत. त्यामुळे वरचा थर चटकन पिणारा हवा आणि खालचा धरून ठेवणारा. मायक्रोफायबर पटकन शोषतं, पण बाळ मांडीवर बसलं की दाबाने सोडून देतं. त्याच्याखाली सुती टर्किश किंवा बांबूचे दोन थर द्या. मायक्रोफायबर कातडीला थेट कधीच लागू देऊ नका, ते त्वचेचाही ओलावा ओढतं. मुलग्यासाठी जास्तीचा थर पुढे, मुलीसाठी मध्यभागी.

नवं सुती कापड पहिल्या दिवशी नीट पीत नाही. ते पाचसहा वेळा धुऊन वाळवा, मग चाचणी घ्या. डायपरच्या पुढच्या एक तृतीयांश भागावर ५० मिली कोमट पाणी एकदम ओता, पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच. वर वजन केलेला टिश्यू पेपर ठेवून त्यावर डाळीची एक किलोची पिशवी मिनिटभर ठेवा आणि कागद पुन्हा तोला. थरांचा क्रम बदलून हेच करा. कागद सर्वांत कमी जड होईल तो क्रम त्वचेला सर्वांत कोरडा.

कारण पुरळ नुसत्या ओलीने येत नाही. शू आणि शी एकत्र आली की अमोनिया होऊन त्वचेची आम्लता घटते, शीमधली विकरं (एन्झाइम) जोर धरतात आणि भिजून मऊ पडलेली कातडी घासून सोलते. म्हणून डायपर कितीही चांगलं असो, दोनतीन तासांनी बदला, शी झाल्यास लगेच. पावडर टाळा, ती बाळाच्या श्वासात जाते. जांघेच्या घड्यांत लालबुंद चट्टा आणि भोवती सुटे ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

चांगलं चाललेलं डायपर अचानक गळू लागलं तर उसवण्याआधी फ्लीसवर पाण्याचा थेंब टाकून बोटाने दाबा. तरीही तो मोत्यासारखा घरंगळत राहिला तर फ्लीसवर मलमाचा किंवा फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसला आहे. भांड्यांच्या लिक्विडचा एक छोटा चमचा कोमट पाण्यात घालून चोळा आणि फेस जाईपर्यंत खळबळा. बोअरच्या जड पाण्याने पॅड कडक होतात, त्यांना अधूनमधून गरम पाण्यात भिजवावं लागतं. पीयूएलला मात्र उकळतं पाणी आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य, प्लास्टिकचा थर सुटतो.