सात तारांची गिटार आणि नेकवर फुटणारं खापर : या चुका टाळा

सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत कुठेही राहा, सात तारांची इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन वाजवून बघायची सोय जवळपास नसते. मग ऑनलाइन मागवा, नाहीतर मुंबई, कोल्हापूर किंवा मडगावला फेरी मारा आणि दुकानात अर्ध्या तासात काय ते ठरवा. त्या अर्ध्या तासात निकाल लागतो तो बहुधा असा : "हिचा नेक जाडा आहे", "तिचा पातळ, एकदम फास्ट". यातला निम्मा निकाल नेकचा नसतोच. तारा कोणत्या जाडीच्या आहेत, फ्रेटपासून किती वर आहेत, नट (नेकच्या डोक्याकडची, तारांच्या खाचांची पट्टी) कसा कापलाय आणि नेकला बाक किती आहे, यांचा तो निकाल असतो. या चारही गोष्टी नंतर बदलता येतात. नेकची रुंदी आणि आकार मात्र घेतला तो घेतला.

वेगवेगळ्या सेटअपच्या दोन गिटारी तोलणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका गिटारला ९-५४ चा (म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशांत) नवा सेट, शेजारच्या गिटारला १०-५९ चा, तोही सहा महिने शोकेसमध्ये गंजलेला. दुसरी हाताला कडक आणि खरखरीत लागणारच, त्यात नेकचा काय दोष?

खिशात एक छोटी स्टीलची पट्टी ठेवा. बाराव्या फ्रेटवर तारेची खालची कड आणि फ्रेटचा माथा यांतलं अंतर मोजा. बारीक ई तारेखाली १.६ मिमीच्या आसपास आणि सातव्या, म्हणजे जाड बी तारेखाली २ ते २.४ मिमी असेल तर ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, ठीक आहे. तीन मिमी असेल तर त्या गिटारच्या नेकबद्दल अजून काहीच बोलू नका. मग बी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी पुरते, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून थोडी कमीच. फट मुळीच नसेल तर खालचे फ्रेट खरखरणार. खूप असेल तर मधल्या भागात तार फ्रेटपासून लांब वाटणार आणि तुम्ही म्हणणार, नेक जड आहे.

दुकानदाराला दोन्हींची ॲक्शन सारखी करून द्यायला सांगायला लाजू नका. ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, खालीवर करायला फार वेळ लागत नाही. नाही म्हणाला तर निदान तुमचे आकडे तरी वहीत असतील.

जाडीचा आकडा वाचून नेक ओळखणे

१९९० साली आयबनेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसाठी युनिव्हर्स ही सात तारांची गिटार बाजारात आणली. रुंद, सपाट, पातळ नेक म्हणजेच सेव्हन स्ट्रिंग, ही समजूत बरीचशी त्या घराण्यातून आलेली आहे. स्वस्तातल्या आयबनेझचा नटही ४८ मिमी रुंद असतो. जॅक्सनच्या जेएस २२-७ चा नट ४७.६ मिमी. सहा तारांच्या गिटारचा ४२-४३ असतो, म्हणजे खरी उडी तिथे आहे. दोन सात-तारी ब्रँडमधला अर्धा मिमी हाताला कळत नाही.

हाताला कळतो तो मागचा आकार. मधोमध १९ मिमी जाडीचे दोन नेक घ्या. एकाच्या कडा, म्हणजे खांदे, भरलेले आणि दुसऱ्याच्या उतरत्या. पहिला सपाट फळीसारखा लागतो, दुसरा तळहातात बसतो. कॅटलॉगात दोन्हींपुढे १९ च छापलेलं असतं. एलटीडीचा थिन यू, आयबनेझचा विझार्ड घराण्यातला सपाट आकार, जॅक्सनचा स्पीड नेक यांत फरक आहे तो या खांद्यांचा. माझं मत स्पष्ट सांगतो : ज्यांना सहा तारांवर बार कॉर्ड आणि रिदम जास्त वाजवायची सवय आहे, त्यांनी सगळ्यात पातळ नेकच्या मागे धावू नये. पातळ सपाट नेकवर अंगठ्याला टेकायला काही मिळत नाही आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी गोळा येतो. सोलो वाजवणाऱ्यांना तोच नेक आवडेल.

फिंगरबोर्डच्या वाटोळेपणाचंही असंच. जॅक्सनचा नटपाशी १२ इंच त्रिज्येचा आणि वर जाताना १६ इंचांपर्यंत सपाट होत जाणारा असतो. आयबनेझचा बहुधा पहिल्यापासूनच ४०० मिमी, म्हणजे जवळजवळ १६ इंच. खाली कॉर्ड धरताना पहिला बरा वाटतो. बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, दोन्ही सारखेच.

"लांब स्केल माझ्या हाताला झेपणार नाही"

स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी. ती झेपणार नाही हे न वाजवताच ठरवलं जातं. २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी, आणि शेक्टरच्या बऱ्याच सेव्हन स्ट्रिंगना असतं ते २६.५ इंच म्हणजे ६७३ मिमी. पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंतची बोटांची फाक यात जेमतेम चार मिमीने वाढते. त्या बदल्यात त्याच जाडीच्या तारेवर त्याच सुराला ताण सुमारे ८ टक्के जास्त मिळतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २७ इंचांवर तो १२ टक्के होतो. बी तार ढिली लोंबते अशी तक्रार असेल तर हा फरक मोलाचा. उलट दोन स्वरांचे बेंड हा तुमचा जीव की प्राण असेल, तर २५.५ च घ्या आणि बी तार जाड लावा.

पावसाळ्यात ट्रस रॉडशी खेळणे

आता आपल्या भागाचं खरं दुखणं. गिटार मुंबईच्या एसी शोरूममधून कोकणकन्येने खाली येते आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर घरातली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. गिटारला मानवते ती ४५ ते ५५. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि नेक हलतो. कोणत्या दिशेने, ते प्रत्येक गिटारवर वेगळं. कुठे बाक वाढतो, कुठे उलटा होऊन पहिले चार-पाच फ्रेट खरखरायला लागतात. स्वस्त गिटारांत लाकूड कमी मुरवलेलं असतं म्हणून हे जास्त जाणवतं. शिवाय सात तारांचा एकूण ताण सहांपेक्षा जास्त.

चूक अशी होते : जुलैत खरखर ऐकू आली की लगेच ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई), ऑगस्टमध्ये परत, गणपतीत वाजवायचं म्हणून पुन्हा. रॉडला एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त देऊ नका. समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बाक कमी होतो, उलट फिरवलं की वाढतो. दिल्यावर सुरात लावून एक रात्र जाऊ द्या, मग मोजा. किल्ली रॉडच्या नटात (तारांच्या नटाशी याचा संबंध नाही) घट्ट बसणारीच हवी. सैल किल्लीने नटाचे कोपरे गेले की ती गिटार दुरुस्त करायला पुन्हा मुंबईच गाठावी लागते. सावंतवाडीच्या चितारआळीतला हात लाकडात कितीही तयार असो, हे काम त्या हाताचं नव्हे.

क्रमही महत्त्वाचा. आधी तारांची जाडी आणि ट्यूनिंग पक्कं करा, मग नेकचा बाक, मग ॲक्शन, शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल असं सॅडल मागेपुढे करणं. ड्रॉप ए (बी तार ए सुरापर्यंत उतरवून) लावायचं असेल तर ड्रॉप ए मध्येच मोजा.

पावसाने उघडीप दिली की गादीला दाखवतात तसं गिटारला ऊन दाखवणारे लोक आहेत. कृपा करून नको. एका बाजूने तापलेला नेक पिळवटतो आणि पिळलेला नेक ट्रस रॉडने सरळ होत नाही. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला स्टँड टेकवूनही ठेवू नका, ती भिंत पावसात ओल धरते. आतल्या खोलीत, केसमध्ये, सिलिका जेलची मोठी पाकिटं आणि एक स्वस्त हायग्रोमीटर, एवढ्यावर भागतं.

खोबरेल

फिंगरबोर्ड कोरडा दिसला की घरात असलेलं तेल लावायचं, हा कोकणी हाताचा स्वभाव. खोबरेल लाकडात राहून खवट होतं, थंडीत थिजतं आणि फ्रेटच्या कडेला मळ धरतं. रोझवूड किंवा जटोबाला वर्षातून एक-दोनदा गिटारसाठी मिळणारं लेमन ऑइल, दोन-चार थेंब, लगेच पुसून. लॅकर मारलेल्या मेपलला तेही नको.

नेकची पाठ चिकटते ही तक्रार मात्र खरी आहे. चकचकीत लॅकर आणि घामाचा हात यांचं आपल्या हवेत जमत नाही, म्हणून निवड असेल तेव्हा सॅटिन फिनिश घ्या. चकचकीतच घेतली असेल तर राखाडी रंगाच्या अतिबारीक स्कॉच-ब्राइटने पाठ हलकेच घासून मॅट करता येते. स्टील वूल वापरू नका. त्याची पूड पिकअपच्या चुंबकाला चिकटते आणि खाऱ्या हवेत तिथेच गंजते.

नटाकडे न बघणे

स्वस्त सेव्हन स्ट्रिंगमध्ये सगळ्यात हयगय होते ती इथे. बी तारेची खाच कारखान्यातल्या तारेपुरती कापलेली असते. तुम्ही ६२ ची तार लावली की ती खाचेत अडकते आणि ट्यून करताना "टिंग" असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो. आधी पेन्सिलीचं शिसं घासून बघा. नाही भागलं तर नट फाइलने खाच रुंद करायला लागेल, खोल नव्हे.

नट उंच असेल तर पहिल्या फ्रेटवरचा एफ जड जातो आणि सूरही चढा लागतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, केसभरच फट हवी. नेक वाजवायला कठीण म्हणून परत केलेल्या गिटारांत हा दोष वारंवार सापडतो.

अंगठा, पट्टा, ॲम्प

सहा तारांवर अंगठा वरून टाकून जाड तार बंद करायची सवय इथे चालत नाही, ४८ मिमीवरून अंगठा पोचतच नाही. तो नेकच्या मागे मधोमध आणा, मनगट सरळ ठेवा आणि पट्टा चार बोटं वर घ्या. दुकानात बसून वाजवलेली गिटार उभं राहून वाजवल्याशिवाय घेऊ नका. हलकी बॉडी आणि सात चाव्यांचं डोकं असेल तर नेक खाली झुकतो, मग डावा हात वाजवायच्या ऐवजी गिटार पेलत बसतो. आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा हा त्यावर बराचसा इलाज.

बी तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे ६२ हर्ट्झ. घरातल्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पचा स्पीकर तिथवर नीट पोचत नाही, म्हणून आवाज चिखल होतो. तो घट्ट करायला बास कमी करा, गेन कमी करा. दर वेळी आणखी जाड तार लावणं हा उपाय नव्हे. आणि तारांची खरखर ॲम्पला न जोडता ऐकू येते पण ॲम्पमधून येत नसेल, तर ती सोडून द्या.

सेकंडहँड घेताना

किनाऱ्यावरची वापरलेली गिटार असेल तर आवाजाआधी स्क्रू बघा. सॅडलचे उंचीचे आणि इंटोनेशनचे स्क्रू गंजून बसले असतील तर वर सांगितलेलं काहीच करता येणार नाही. फ्लोटिंग ट्रेमोलोची (दांडीने हलणाऱ्या, स्प्रिंगवर तोललेल्या ब्रिजची) स्वस्त सेव्हन स्ट्रिंग आपल्या हवेत मी तरी कोणाला सुचवणार नाही, फिक्स ब्रिज घ्या. शेवटी ट्रस रॉडचं झाकण उघडायला सांगा. रॉडचा नट पूर्ण आवळलेला असूनही नेकला बाक दिसत असेल, तर किंमत कितीही पाडून सांगितली तरी गिटार जागच्या जागी ठेवा.