शॉपफ्लोअरवर नवीन आहात? चिप्सपासून हात सांभाळा

नवीन पोरं मशीनला घाबरतात पण चिप्सला (धातू कापताना निघणारे धारदार काप) कोणीच घाबरत नाही, आणि मी बघितलेल्या हाताच्या जखमा बहुतेक साफसफाई करताना, जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) काढताना नाहीतर टेबलावरून सहज हात फिरवताना झालेल्या आहेत.

लेथवर माइल्ड स्टील लावलं की लांबच लांब चिप्स निघतात, चकला (जॉब पकडणारा फिरता भाग) गुंतल्या की हात आपोआप तिकडे जातो. नका घालू. चिप गरम असते, कडेला ब्लेडसारखी धार असते आणि स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) फिरत असेल तर बोटासकट ओढून नेते. आधी स्पिंडल पूर्ण थांबू द्या, मग हूक, मग ब्रश. सारख्याच लांब चिप्स येत असतील तर सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) सांगा, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवला किंवा चिपब्रेकरवाला, म्हणजे चिप तोडणारा, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लावला की त्या तुकड्यात पडतात, माझ्या मते खरा उपाय हाच आहे, दिवसभर हूक मारत बसणं नाही. कास्ट आयर्नचा भुगा पडतो, तो फडक्यात अडकतो आणि त्याच फडक्याने हात पुसले की तळहातभर कुसळं. एअर गनने तर उडवूच नका, शेजारच्याच्या डोळ्यात जातं.

ग्लोव्हजबद्दल सगळे गोंधळतात. फिरत्या लेथवर, ड्रिलवर ग्लोव्हज नकोत, कापड अडकलं की हात आत. बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) असलेले जॉब उचलताना, चिप्सची ट्रॉली रिकामी करताना मात्र हवेतच. त्यावर ईएन ३८८ (ग्लोव्हजचं युरोपियन मानक) च्या खाली चार आकडे आणि एक अक्षर असतं, अक्षर कापण्याचं (ए सगळ्यात कमी, एफ सगळ्यात जास्त), चौथा आकडा टोचण्याचा. कट रेझिस्टंट म्हणून दिलेल्या विणलेल्या ग्लोव्हजमधून सुईसारखी बारीक चिप आरामात आत जाते, त्यामुळे दोन्ही बघा.

कुसळ गेलंच तर साबणाने धुवा, चांगल्या उजेडात स्वच्छ चिमट्याने ज्या कोनात घुसलं त्याच कोनात बाहेर ओढा. खोल असेल, सांध्याजवळ असेल तर सुईने कोरत बसू नका, डॉक्टरकडे जा, एक्स-रेत लोखंड दिसतं. गंज नव्हता म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन नको असं काहीजण सांगतील, ऐकू नका, जंतू माती-धुळीत असतात आणि लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत येतात. अख्खं बोट सुजलं आणि सरळ करताना कळ येत असेल तर शिफ्ट सुटायची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर मेटलचं काम करतो हे आधीच सांगा, डोळ्यात कधी कण गेला असेल तर नक्कीच.